बेगमीचे व्रत

इ. स. १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर असलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर, मोहनदास गांधी आणि त्यांचे वास्तुविशारद स्नेही हर्मन कॅलेनबाख या दोघांनी दूध वर्ज्य केले. दूध हे संयमाला पोषक नाही हा विचार गांधींच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्यात कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींच्या आचळांतून अखेरचा थेंब निपटून काढण्यासाठी जे क्रूर उपाय योजीत त्यांचे वर्णन करणारे काही लिखाण त्यांच्या हाती पडले, आणि मनातल्या विचाराला निश्चयाचे रूप आले. पुढे सहा वर्षांनी, १९१८ साली, गुजरातेतील खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट करीत असता त्यांना अतिसाराने असे ग्रासले की आपला अंतकाळ समीप आला आहे असे त्यांस वाटू लागले. हवापालट म्हणून ते माथेरानला आले, तर तेथले पाणी जड पडून प्रकृती अधिकच खालावली. शेवटी मुंबईचे डॉक्टर दलाल यांनी त्यांना निक्षून सांगितले की, दूध घेतल्याखेरीज हे शरीर पुन्हा उभे करणे आपल्या हाती नाही. व्रत मोडण्यास गांधी राजी होईनात, तेव्हा शेजारी बसलेल्या कस्तुरबांनी तोड सुचवली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला प्रत्यवाय कोणता? गांधींनी ते मानले, ते बरे झाले, आणि व्रताचे शब्द पाळून त्याचा आत्मा आपण गमावला ही खंत मात्र त्यांनी जन्मभर उरी बाळगली.

आपल्या आत्मकथेत ही हकीकत सांगताना त्यांनी दोन गोष्टी मोठ्या प्रांजळपणे नमूद केल्या आहेत. दुधाइतके पौष्टिक आणि तितकेच पचण्यास हलके असे वनस्पतिजन्य द्रव्य कोणा वैद्यास वा डॉक्टरास अनुभवाने ठाऊक असेल तर त्याने ते आपणास कळवावे, ही पहिली. आणि केवळ माझे ऐकून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, ते सर्वथा मानवल्याशिवाय किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला असल्याशिवाय, तो प्रयोग पुढे रेटू नये, ही दुसरी. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना आरोग्यावरील पुस्तक लिहिण्यास त्यांनी हात घातला, तेव्हाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. एवढा निग्रही पुरुष या एका प्रश्नापुढे तीस वर्षे का अडून राहावा? माझ्या मते त्याचे कारण असे की, निग्रहाची वाण त्यांना कधीच नव्हती; वाण होती ती माहितीची, आणि ती माहिती त्या काळी जगात कोणापाशीच नव्हती. ज्या जीवनसत्त्वाशिवाय निव्वळ वनस्पतींवर मनुष्याचे शरीर दीर्घकाळ निभत नाही ते ‘बी-१२’ अमेरिका आणि इंग्लंड येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे हाती लागले ते १९४८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी गांधींची हत्या झाली त्याच वर्षी. त्यांचे १९१८ चे दुखणे या जीवनसत्त्वाच्या अभावाचे होते असे म्हणण्यास आधार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ते डॉक्टरांकडे मागत होते त्याचा मोठा भाग त्या एका शोधात सामावलेला होता, यात संशय नाही.

मांस, मासळी व अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप, लोणी आणि मध हेही वर्ज्य करणाऱ्या आहाराला आज जगभर ‘वीगन’ आहार म्हणतात. त्याची पहिली संघटित मंडळी इंग्लंडात १९४४ च्या नोव्हेंबरात, महायुद्धाच्या शिधावाटपाच्या दिवसांत, डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकामाच्या शिक्षकाच्या पुढाकाराने जमली. आणि आज मुंबईपुण्याच्या दुकानांतून त्या आहाराच्या वस्तू इतक्या दिसू लागल्या आहेत की भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२२ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली आणि स्वतंत्र हिरवे चिन्ह ठरवावे लागले. ह्या वस्तू बहुधा महाग असतात. बदामाचे दूध, ओटचे दूध, काजूचे चीज, मांसासारखी चव आणलेले सोयाचे तुकडे यांच्या किमती पाहिल्या की सामान्य नोकरदार कुटुंब मनाशी ठरवून टाकते की हे श्रीमंतांचे आणि फुरसतीच्या लोकांचे प्रकरण आहे. ज्याला सकाळी सातच्या लोकलला लटकायचे आहे आणि रात्री नऊला घरी परतायचे आहे त्याने या वाटेस जाऊ नये. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. हा आहार पैशावर उभा राहत नाही, फुरसतीवरही राहत नाही, आणि आवेशावर तर नाहीच नाही. तो उभा राहतो बेगमीवर. बेगमीची विद्या मराठी गृहिणींनी पिढ्यानपिढ्या अशी काही जोपासली आहे की त्या बाबतीत आपल्याला परक्या कोणाकडे शागिर्दी करण्याचे कारण नाही.

प्रथम आपल्या स्वयंपाकघराची झडती घेऊ. पिठले-भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, भुईमुगाच्या कुटातली भरली वांगी, मटकीची उसळ, कटाची आमटी, अंबाडीची भाजी, हुलग्याचे शेंगोळे, चकोल्या: या पदार्थांत मुळात दुधातुपाचा अंश नाही, आणि वरून घातलेला तुपाचा चमचा ही त्यांची शोभा आहे, प्रकृती नव्हे. जुन्नरकडची मासवडी नावाने मासळीची आठवण करून देते. प्रत्यक्षात ती बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे आणि कांद्याचे सारण भरून केलेली असते. विदर्भातील पाटवडीचा रस्सा, खानदेशातील वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, मराठवाड्यातील ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी, ही सारी कष्टकरी माणसाची अन्ने आहेत, आणि दिवसभर नांगर धरणाऱ्या मनुष्याला ती पुरून उरली आहेत. कोकणात आणि गोमंतकात उतरावे तर नारळाने दुधाची जागा केव्हाच घेतलेली आढळते. कुळथाची पिठी, सोलकढी, आळसांद्यांचे तोणाक, चतुर्थीचे खतखते. आणि गोडाच्या प्रांतात तर दुधाची उणीव भासतच नाही. हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या, नारळाच्या गुळचट रसात बुडवून खाण्याचे शिरवाळे, हरभऱ्याची डाळ व नारळाचा रस यांचे मणगणे, काकडीचे धोंडस, ही पक्वान्ने ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना बासुंदीवाचून सण कसा साजरा होईल ही चिंता पडू नये. उपासाच्या दिवशीही वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ही जोडी घरोघरी ठाऊक आहे. साबुदाण्याच्या खिचडीला तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी दिली तर चवीत उणे पडत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज शहरी घरांत दूध ज्या विपुलतेने वाहते ती विपुलता फार जुनी नाही. मुंबईत आरे येथे सरकारी दुग्धवसाहत उभी राहिली ती १९४९ साली, आणि देशव्यापी दुग्धविकासाची योजना सुरू झाली १९७० मध्ये. त्यापूर्वी देशावरच्या सामान्य घरात दूध हे मुलाचे, दुखणाईताचे आणि पाहुण्याच्या चहाचे असे. दुधाला सोडचिठ्ठी दिली तर आपली परंपरा बुडेल असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या पणजीच्या ताटाची चौकशी करावी.

आता पोषणाचा हिशेब. प्रथिनांविषयी लोकांच्या मनात जितकी भीती असते तितकी वस्तुस्थिती भयावह नाही. प्रौढ मनुष्याला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मान आहे, आणि धान्यांवर भर असलेल्या जेवणात प्रथिनांची प्रत थोडी उणी असल्यामुळे एक ग्रॅम धरणे इष्ट. म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसाला ५५ ग्रॅम. दिवसभरातील भाकरी, पोळी व भात मिळून ३०० ग्रॅम धान्य पोटात गेले तर त्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात, ८० ग्रॅम डाळी-कडधान्यांतून १८ च्या आसपास, आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात. धान्यात लायसिन हा घटक कमी आणि डाळीत विपुल, तर डाळीत मेथिओनिन तोकडे आणि धान्यात पुरेसे. म्हणून वरणभात, उसळ-भाकरी या जोड्या ज्यांनी प्रथम लावल्या त्यांनी रसायनशास्त्र न शिकता ते आचरणात आणले होते असेच म्हणावे लागते. सोयाबीनमध्ये तर प्रथिनांचे प्रमाण शंभरात ३५ ते ४० इतके असते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधींनी आश्रमीयांना सोयाबीन खाऊ घालून त्याचे प्रयोग केले होते. आज महाराष्ट्र हे सोयाबीन पिकवणाऱ्या अग्रगण्य राज्यांपैकी एक असून, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पिकलेला तो दाणा मुख्यतः तेलाच्या गिरणीत आणि पेंड होऊन कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आपल्या ताटात मात्र फारसा येत नाही, याचे मला वाईट वाटते.

चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, बाबतीत नाचणीला तोड नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. न सोललेल्या तिळात ते हजाराच्या वर जाते; मात्र तिळातील आणि पालेभाज्यांतील काही द्रव्ये त्याच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून एकाच वस्तूवर भिस्त न ठेवता नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला असे सर्वांचे थोडे थोडे घेत राहावे. लोहाचे रहस्य त्याच्या साथीदारांत आहे: उसळीवर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते, आणि जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते. कडधान्ये भिजवून मोड आणणे, पीठ आंबवणे, या रीतींनी लोह व जस्त बांधून ठेवणारी द्रव्ये कमी होतात. आणखी एक लहानशी परंतु महत्त्वाची सूचना: निसर्गाहाराच्या उत्साहात अनेकजण साधे मीठ टाकून सैंधवाकडे वळतात. ज्याने मासळी आणि दूध दोन्ही सोडले आहे त्याला आयोडीन मिळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आयोडीनयुक्त मीठ; ते सोडू नये.

परंतु या सर्वांहून निराळा आणि गंभीर विषय बी-१२ चा आहे, आणि तेथे परंपरेचा कोणताही दाखला उपयोगी पडत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती निर्माण करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत; ते निर्माण करतात सूक्ष्म जंतू, आणि प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्यापर्यंत येते. इडलीचे आंबवण, आंबील, समुद्रशेवाळाच्या गोळ्या यांतून ते मिळते अशा गोष्टी कानोकानी पसरत असतात. त्यांवर विसंबू नये. प्रौढाची गरज दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नजरेला न दिसणारी. आणि यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असू शकत असल्यामुळे दूध सोडणारा मनुष्य पहिली वर्षे ठणठणीत राहतो, आपल्याला काही कमी पडत नाही अशी त्याची खात्री होते, आणि मग हातापायांना मुंग्या येणे, जीभ सोलल्यासारखी होणे, चालताना तोल जाणे, विस्मरण, अकारण थकवा अशी लक्षणे चोरपावलांनी येतात. मज्जातंतूंना पोचलेली इजा फार काळ दुर्लक्षित राहिली तर ती पुरती भरून येत नाही.

दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांनीही येथे निर्धास्त राहण्याचे कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ उणे आढळले. चहातल्या दोन चमचे दुधाने ही गरज भागत नाही हे त्यातून उघड झाले. याच मंडळींनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून असे दिसून आले की गरोदरपणी ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत, वयाच्या सहाव्या वर्षीच, इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती अधिक होती. म्हणून गरोदर व स्तनदा स्त्री आणि तान्हे मूल यांच्या बाबतीत हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीवाचून मुळीच करू नये. मातेच्या दुधातच हे जीवनसत्त्व नसेल तर केवळ अंगावर पिणाऱ्या बालकाची वाढ आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतात. उपाय मात्र अगदी सोपा आणि स्वस्त आहे. औषधांच्या दुकानांत मिळणारे बी-१२ जंतूंच्या किण्वनातून तयार केलेले असते, त्यात प्राण्याचा अंश नसतो. दररोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम हे प्रमाण निव्वळ वनस्पत्याहार करणाऱ्यांसाठी सांगितलेले आहे. गोळी घ्यावी लागते म्हणून हा आहार निसर्गविरुद्ध ठरतो, असा आक्षेप काही विद्वान घेतात. गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन मिसळणे ज्याला मान्य आहे त्याने हा आक्षेप घेऊ नये.

बेगमीचा विषय आता हाती घेतो, कारण धावपळीच्या आयुष्यात कोणताही नियम मोडतो तो तत्त्वाच्या पातळीवर नव्हे, तर संध्याकाळी साडेसात वाजता, थकून घरी आल्यावर, जेव्हा घरात तयार असे काही नसते आणि कोपऱ्यावरची पावभाजी लोण्यात परतली जात असते तेव्हा. त्या घटकेला मनुष्याचा निग्रह तपासणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या घटकेची तजवीज आधी झालेली असली पाहिजे. उन्हाळ्याच्या सुटीत भाजणी भाजून, मेतकूट दळून, सांडगे-पापड वाळवून, वर्षाचे तिखट कुटून, डाळींना ऊन दाखवून कोठीघर लावणाऱ्या बायकांनी नेमके हेच ओळखले होते. थालीपिठाची भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद आणि धने भाजून केलेले सर्वांगपूर्ण पीठ. कांदा चिरून भिजवले की वीस मिनिटांत जेवण होते. मेतकूट आणि मऊ भात, वरून तुपाऐवजी कच्चे शेंगदाण्याचे तेल आणि लिंबाच्या लोणच्याचा खार, हे दुखणाईतालाही रुचणारे अन्न आहे. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस, खोबरे यांच्या कोरड्या चटण्या बरणीत महिनाभर टिकतात. त्यांतली जवसाची चटणी तर, मासळी न खाणाऱ्याला अन्यथा दुर्मिळ असलेली ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले पुरवते. कुळथाचे पीठ आणि नाचणीचे पीठ घरात असले की रात्री दहा वाजता आलेल्या माणसालाही उपाशी किंवा बिस्किटांवर झोपावे लागत नाही.

वर्षाच्या बेगमीला शहरी घरात जागा नसेल तर आठवड्याची करावी. सुटीच्या आदल्या रात्री मटकी, मूग, चवळी भिजत घालावी आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधावी. मोड आलेली कडधान्ये शीतकपाटात चार दिवस सुखाने राहतात. दाण्याचा कूट एकदम करून ठेवावा, खोबरे खवून ठेवावे, कांदा-खोबऱ्याचे वाटण भाजून वाटून ठेवावे. मग रोज सकाळी फोडणी देण्यापुरतेच काम उरते, आणि प्रेशर कुकरच्या तीन डब्यांत भात, वरण आणि उसळ एकदमच शिजते. डब्यात पोळी-उसळ आणि दाण्याच्या कुटाची, लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर. पिशवीत चार वाजताच्या भुकेसाठी फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ. एवढी शिबंदी जवळ असली की उपाहारगृहातील तूप आणि बिस्किटांतील दूधभुकटी यांच्याशी रोज नवा लढा द्यावा लागत नाही. वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने फसू नये. त्या ठिपक्याखाली दूध, तूप आणि मध हे सर्व येऊ शकते.

ही सारी व्यवस्था लिहिताना एक गोष्ट मनाला बोचत राहते, आणि ती स्पष्ट बोलल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. भिजवणे, निवडणे, भाजणे, वाटणे ही क्रियापदे आपल्याकडे बहुधा स्त्रीलिंगी कर्त्याबरोबर चालतात. घरातला कर्ता पुरुष किंवा कॉलेजात जाणारा मुलगा एके दिवशी काही वाचतो वा पाहतो, त्याच्या अंतःकरणाला पीळ पडतो, तो दूध सोडतो. आणि दुसऱ्या दिवसापासून, पाच वाजता उठून सर्वांचे डबे भरून स्वतःच्या नोकरीवर धावणाऱ्या स्त्रीला साडेचारला उठावे लागते, कारण आता एका घरात दोन स्वयंपाक सुरू झालेले असतात. गाईच्या कष्टांविषयी ज्याचे मन द्रवले त्याला आपल्या आईच्या किंवा पत्नीच्या कष्टांचे दर्शन घडू नये, ही करुणेची अपुरी पोच होय. व्रत एकाचे आणि राबणूक दुसरीची, अशा पायावर उभे राहिलेले घर समतोल असू शकत नाही. गांधींच्या टॉल्स्टॉय फार्मवर नोकरचाकर नव्हते. स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंत सर्व कामे तेथे राहणाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतली होती, आणि त्यांच्या आहारविषयक प्रयोगांना जे काही नैतिक बळ होते ते या श्रमविभागणीतून आलेले होते. ज्याला आपल्या ताटातून दूध वगळायचे आहे त्याने आपल्या ताटाचे काम अंगावर घ्यावे.

त्यानंतरची अडचण चहाची आणि चारचौघांची. दिवसातून चार वेळा समोर येणारा दुधाचा चहा ही मराठी माणसाच्या सामाजिक जीवनातील मोठी शक्ती आहे. कचेरीतील अडलेली कामे, सोयरिकीची बोलणी, शेजारधर्म, सर्व काही त्या कपाभोवती फिरते. गवती चहा, आले आणि लिंबू घालून केलेला कोरा चहा हा मला सर्वांत साधा मार्ग वाटतो. सोयाचे दूध तापत्या, आंबूस चहात फुटते, म्हणून ज्यांना तेच हवे त्यांनी ते गरम करून शेवटी मिसळावे. आतिथ्याच्या प्रसंगी मात्र कठोर होऊ नये. खेड्यातल्या म्हाताऱ्या आत्याने आपल्यासाठी मुद्दाम खरवस राखून ठेवला असेल, तर तो घ्यावा की नम्रपणे नाकारावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नाकारताना वासराच्या हक्कावर प्रवचन करू नये. जैन आणि वारकरी मंडळींनी आपापले आहारनियम शतकानुशतके पाळले, ते आधी निरोप पाठवून आणि वेळप्रसंगी आपला शिधा बरोबर नेऊन. आदल्या दिवशी एक दूरध्वनी करून ‘आम्हाला पिठले-भाकरी पुरेल’ असे कळवले तर बहुतेक घरांत यजमानीणबाईंच्या डोक्यावरचे ओझे हलकेच होते.

आणि दूधदुभत्यावर ज्यांचा संसार चालतो त्यांचे काय? कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत दोन गाईम्हशींच्या दुधाचे जे पैसे दर दहा दिवसांनी हाती पडतात त्यांवर मुलांच्या शाळेची फी आणि किराण्याच्या उधारीचा हप्ता भागतो. ऊस वर्षाने पैसा देतो, सोयाबीन हंगामाने, दूध मात्र नियमाने. शहरातल्या माणसाने दूध सोडताना ते दूध काढणाऱ्या शेतकरिणीला दोषी धरणे मला अत्यंत अनुचित वाटते. तिच्यापुढचे प्रश्न आपल्यापेक्षा बिकट आहेत. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून, विशेषतः वशिंड नसलेल्या संकरित जातीच्या, गोऱ्ह्याला काम उरलेले नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर गोवंशहत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आहे. आणि त्या जनावराचा वैरणपाण्याचा खर्च सोसण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी नाही. दुधाच्या प्रत्येक पिशवीमागे असा एक नकोसा झालेला गोऱ्हा असतो, हे सत्य दूध पिणाऱ्यानेही जाणून घेतले पाहिजे. या पेचाचे उत्तर एकट्यादुकट्याच्या ताटात सापडणारे नाही. परंतु नाचणी, वरी, कुळीथ, कारळे, जवस ही हलक्या आणि डोंगरउताराच्या जमिनीत येणारी, थोड्या पाण्यावर तगणारी पिके आपण रोज खाऊ लागलो, त्यांना बाजारात बऱ्यापैकी भाव मिळू लागला, तर त्या शेतकरी कुटुंबाला दुसरे एक उत्पन्न मिळेल. दुधावाचून जगण्याचा आपला विचार आणि तिच्या पोटापाण्याचा विचार यांचा मेळ मला तरी या दिशेनेच बसताना दिसतो.

ज्या वाचकाच्या मनात हा आहार करून पाहावा असे येत असेल त्याला माझी एवढीच विनंती आहे. एकदम सर्व सोडू नये. प्रथम बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी, ती आकडेवारी आपल्या डॉक्टरांना दाखवावी आणि गोळीचे प्रमाण ठरवून घ्यावे. मग दिवसातले एकच जेवण, शक्यतो डब्याचे, महिनाभर वनस्पत्याहाराचे करावे. ते अंगवळणी पडल्यावर दुसरे, आणि चहा सर्वांत शेवटी. आणि येत्या सुटीच्या आदल्या रात्री मटकी भिजत घालायची ती, कृपा करून, स्वतःच्या हाताने घालावी.